छातीतली गुंतवळ

"म्हणजे हे तुमच्याकडून आलंय म्हणायचं?"

सासूबाईंनी हे इतक्या सरळ आवाजात विचारलं, की जणू वर्गाच्या खिडकीची काच कुणी फोडली तेवढंच त्यांना विचारायचं होतं. अख्खी हयात त्यांनी शाळेत मुख्याध्यापिका म्हणून काढली होती. समोरचा गप्प बसला की काच त्यानेच फोडली, असा त्यांचा ठोकताळा. आणि बाबा नेमके गप्प बसले. खिडकीकडे तोंड करून त्यांनी नाकाला रुमाल लावला. त्यांचा घोळणा फुटला होता. आत्ताच फुटायचा होता!

"मान वर नका करू, खाली वाका," आई सवयीने म्हणाली.

धाकटी लेक इस्पितळाच्या पलंगावर पडल्यापडल्या हे बघत होती. तिला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती, आणि यातलं आधी काय येईल याचा भरवसा नव्हता. आपल्याला नक्की काय झालंय हे सकाळपासून तिला तीनदा समजावून झालं होतं. तिन्ही वेळा तिला समजलंही होतं. पण डॉक्टर खोलीबाहेर पडल्या की समजलेलं सगळं त्यांच्या मागोमाग निघून जाई.

सकाळी ती नेहमीसारखी कामावर गेली होती. बस स्थानकावर वरच्या काचेच्या खोलीत बसून ती गाड्या पुकारायची. सातवा महिना लागला होता, आणि त्या खोलीचा लोखंडी जिना चढताना हल्ली तिला दोनदा थांबावं लागे. पोट वाढलं की धाप लागतेच, असं जो तो सांगे. गंमत एवढीच होती, की घरी आडवं झालं की तिला छान वाटे आणि उठून बसलं की पुन्हा छाती भरून येई. बाकीच्या गरोदर बायका नेमकं याच्या उलट सांगायच्या. ती म्हणायची, माझं सगळं उलटंच असतं.

आज माईकसमोर बोलता बोलता तिला ठसका लागला. घशात काहीतरी कोमट, खारट आलं. तिने तळहात तोंडावर धरला, आणि बघते तर बोटांमधून लाल. टेबलाच्या काचेवरही सांडलं. गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते सांगायचं राहूनच गेलं. खाली माणसं सामान उचलून इकडून तिकडे पळत राहिली, आणि वर खोलीत कंट्रोलर साहेब तिला पाणी देऊ की नको या विचारात भांडं धरून नुसते उभे.

मग इस्पितळ, मग छातीचा फोटो, मग आणखी एक मोठ्या यंत्रातला फोटो, आणि मग या छातीच्या डॉक्टर. उंच, चपळ, बोलताना वाक्यं अर्धी टाकून पुढे जाणाऱ्या.

"फुफ्फुसात रक्त बारीक जाळीतून झिरपत जातं," त्यांनी सांगितलं होतं. "तुमच्या उजव्या बाजूला खाली एके ठिकाणी ही जाळीच नाहीये. मोठी नळी थेट मोठ्या नळीला जाऊन चिकटलीय. मध्ये नुसता फुगा. रक्तवाहिन्यांची गुंतवळ म्हणा ना. जन्मापासून असणार. पण गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, फुगा ताणला जातो, भिंत पातळ होते."

"फुटला तर?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

"आज नुसता पाझरलाय. फुटला असता तर आपण असे बोलत बसलो नसतो." मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "तुमच्यात कुणाला नाकातून रक्त येतं का? वारंवार?"

तेव्हा माहेरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले, ते का, हे धाकटीला कळेना. एवढ्या साध्या प्रश्नाला? तिच्या माहेरी घोळणा फुटणं म्हणजे शिंक येण्यासारखं होतं. आजोबांचा फुटायचा. बाबांचा फुटतो. तस्बिरींना चौकटी बसवायचं त्यांचं दुकान. तिथे हत्यारांच्या शेजारी कापसाचा डबा कायम. थोरलीचा फुटतो, तिचा स्वतःचा फुटतो. आपल्या घराची ओळखच ती, असं बाबा थट्टेने म्हणायचे. आणि आता डॉक्टर म्हणत होत्या, की ती थट्टा नव्हे, आजार आहे. घराण्यातून उतरतो. नाकात असतो तेव्हा नुसता त्रास, फुफ्फुसात किंवा मेंदूत असला तर जिवाशी गाठ.

"कुणी बाळंतपणात गेलं होतं का?" डॉक्टरांनी जाता जाता विचारलं होतं.

"माझी बहीण," बाबा म्हणाले होते. "पण ते वेगळं. तिच्या नवऱ्यानं कामाला जुंपून मारली तिला. आठव्या महिन्यात."

"म्हणजे नक्की काय झालं होतं?"

बाबांना सांगता आलं नाही. ते तिथे नव्हते.

"तुम्हाला माहिती काढता आली तर बघा," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही डोक्याचा फोटोही काढणार आहोतच. पण त्यांना छातीचं झालं होतं की डोक्याचं, हे कळलं तर मदत होईल."

त्या गेल्या, आणि सासूबाईंनी तो प्रश्न विचारला.

"माई, आत्ता हे कशाला?" नवरा म्हणाला.

"आत्ता नाही तर केव्हा? लग्नाआधी मी स्पष्ट विचारलं होतं, घरात काही दुखणंखुपणं आहे का. तर म्हणे, ठणठणीत."

"आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं, माई!" आई कळवळून म्हणाली. "नाकातून रक्त येतं हे का कुणी दुखणं म्हणून सांगतं?"

"मी दोन मुलं जन्माला घातली," थोरली भिंतीला टेकून उभी होती, ती आता पुढे आली. तिचं केस कापायचं दुकान होतं. ते अर्धवट सोडून ती आली होती, आणि अंगावरच्या काळ्या एप्रनवर कुणाचे तरी केस अजून चिकटलेले होते. "काहीसुद्धा झालं नाही मला. त्या डॉक्टरांना ना, काहीतरी सापडलंय आणि आता त्यांना ते सोडवत नाही. पोटुशी बाईच्या छातीत तारा घालणार म्हणे! नुसतं पडून राहायला सांगा हिला. पडल्यावर बरं वाटतं ना? मग पडून राहा बाळंतपण होईपर्यंत."

"एक्स-रे लावून करणार आहेत ते," सासूबाई म्हणाल्या. "पोरावर एक्स-रे. मला नाही पटत."

"तेच म्हणते मी."

आणि धाकटीच्या लक्षात आलं, की थोरली आणि सासूबाई, ज्या तिच्या लग्नापासून एकमेकींशी हवापाण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या, त्या आज एकाच बाजूला उभ्या आहेत. नवऱ्याकडे पाहिलं तर तो मान डोलावत होता. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताने कसबी, पण जो शेवटचा बोलेल त्याचं त्याला पटे. मघाशी डॉक्टर बोलल्या तेव्हाही त्याने अशीच मान डोलावली होती.

"मांडीतल्या शिरेतून तार वर नेतात, आणि त्या फुग्याच्या तोंडाशी बारीक स्प्रिंग सोडून तो बंद करतात," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "कल्पना काही वाईट नाही. पण ती स्प्रिंग सुटली तर? मी त्यांना विचारलं, किती भार पेलते. तर हसल्या."

"ताई," धाकटी म्हणाली, "तुझ्या ओठांवरचे ते लाल ठिपके. मघाशी डॉक्टर म्हणाल्या ना, या आजारात असेच ठिपके येतात."

थोरलीचा हात आपोआप तोंडाकडे गेला. तिच्या ओठांवर नेहमी गडद लिपस्टिक असे. ते ठिपके झाकायला म्हणून सुरू केलेली ती सवय होती, हे बहिणींनाच माहीत.

"मला कशाला ओढतेस यात?" ती म्हणाली. "माझ्या पोरांना कशाला ओढतेस?"

"पोरांचं मी नावही काढलं नाही."

"काढणार होतीस."

बाबांनी रुमाल बाजूला केला. रक्त थांबलं होतं. "तो फोटो चुकीचा असेल," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा असेल. अक्काला तिच्या त्या बेकरीवाल्या नवऱ्यानं मारली. भट्टीसमोर उभी करून. मी स्वतः पाहिलंय तिला पिठाच्या पोत्यांवर पडलेली, भर दिवसा, दमून. त्याचा आणि या फुग्याचा काय संबंध?"

"संबंध आहे की नाही ते त्यांनाच विचारू या," आई म्हणाली.

"कुणाला?"

"भाऊजींना."

बाबांनी असं पाहिलं, की जणू आई कुठल्या तरी परक्या भाषेत बोलली असावी. त्या माणसाशी या घराचा संबंध अक्काच्या मरणासोबत तुटला होता. त्याचं नाव घरात काढत नसत. तो जिवंत आहे की नाही, याचीही धाकटीला नीट खात्री नव्हती.

"त्याचा पत्ता कुणाला माहितीये?"

"मला माहितीये," आई म्हणाली, आणि पर्समधून चष्मा काढून उगाच पुसायला लागली. "अहो, इतकी वर्षं आपल्या घरात पाव कुठून येतोय असं वाटत होतं तुम्हाला?"

बाबांचं तोंड उघडं राहिलं. थोरली "आई!" म्हणाली. सासूबाईंना यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं, तरी त्या खुर्ची ओढून बसल्या. हे ऐकण्यासारखं आहे, एवढं त्यांना कळलं होतं.

"तू... त्याच्याकडून..."

"चांगला असतो त्यांचा पाव. मी काही बोलत नाही, ते काही बोलत नाहीत. पाव घ्यायचा, यायचं. एकदा मी धाकटीला कडेवर घेऊन गेले होते, तेव्हा ते नुसतं बघत राहिले तिच्याकडे. बस्स, एवढंच."

बाबा कुणाकडेही न पाहता खोलीबाहेर गेले. आई त्यांच्या मागे गेली नाही. हेही नवंच होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाले काका आले. धाकटीने मनात एक राक्षस उभा केला होता, तो दारातून आत आलाच नाही. आला तो एक वाकलेला, कानांत केस वाढलेला म्हातारा. तो दाराच्या चौकटीशी थांबला आणि चपला काढू की नको, या घोळात पडला.

"राहू द्या हो चपला, इस्पितळ आहे हे," सासूबाई म्हणाल्या.

बाबा खिडकीपाशी होते. ते येणार नाहीत असं रात्री म्हणाले होते, आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. छातीच्या डॉक्टर आल्या, आणि त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "तुमच्या बायकोला काय झालं होतं?"

"मला माहीत नाही," काका म्हणाले. "खरंच माहीत नाही. तेव्हाही कळलं नाही, आत्ताही नाही. तुम्ही विचारा, आठवेल ते सांगतो."

"धाप लागायची?"

"लागायची. चालली की लागायची. उभी राहिली की लागायची." ते अडखळले. "एक विचित्रच होतं बघा. आडवी पडली की तिला बरं वाटायचं. लोकांना आडवं पडून श्वास लागत नाही, बसतात उठून. हिचं उलटं. घरी एकटी पडून राहायला तिला आवडायचं नाही, मग बेकरीत यायची माझ्याबरोबर आणि पोत्यांवर पडायची. तिथून गप्पा मारायची. मी म्हणायचो, अगं लोक काय म्हणतील. तर म्हणायची, म्हणू देत, मला इथं बरं वाटतं."

धाकटीच्या अंगावर सरसरून काटा आला. पोटातल्या बाळानेही त्याच वेळी एक जोराची ढुशी दिली, आणि क्षणभर कुठलं काय हे तिला वेगळं करता येईना. हे सगळं तिचंच वाक्य होतं. या माणसाला तिने कधी ते सांगितलं नव्हतं. तिच्या जन्माआधी मेलेल्या एका बाईने सांगितलं होतं.

"आणि शेवटी?" डॉक्टरांनी विचारलं.

"खोकली. म्हणाली, पाणी दे. मी भांडं घेऊन वळेपर्यंत तोंडातून रक्त. ओंजळीनं. मी हात धरला खाली, जसं काही ते थांबणार होतं. इस्पितळाची गाडी यायच्या आधीच..." त्यांनी तसाच हात पुढे धरून दाखवला. "तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, क्षय असणार. मी म्हटलं, बरं."

"क्षय?" बाबा पहिल्यांदाच बोलले. "तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

"का?"

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मोठे, भाजल्याच्या जुन्या डागांचे हात होते ते. "क्षयाच्या घरचा पाव कुणी घेतला असता?" ते म्हणाले. "तू येऊन दारात ओरडलास, की मी तिला राबवून मारली. चार लोक जमले. मला वाटलं, हे परवडलं. बायकोला राबवणाऱ्याचा पाव लोक घेतात. मी खोटं सांगणार नाही, मी तुझा विचार केला नव्हता. दुकानाचा केला होता."

बाबा उठून उभे राहिले. आता काका-बाबांचं काहीतरी भयंकर भांडण बघावं लागणार, म्हणून धाकटीने डोळे मिटले. पण काहीच झालं नाही. डोळे उघडले तर बाबा तसेच उभे, हात अर्धवट उचललेला, जसं एखादी वस्तू घ्यायला उठावं आणि कुठली ते विसरावं. इतकी वर्षं जपलेला राग त्यांच्या हातात होता आणि ठेवायला जागा नव्हती. या माणसाने अक्काला मारलं नव्हतं. पण त्याने जे केलं, ते चांगलंही नव्हतं. आणि जे अक्काला मारून गेलं, ते बाबांच्या स्वतःच्या नाकातून कालच रुमालावर आलं होतं.

"बस," काका म्हणाले. "तुला घेरी येईल."

आणि बाबा बसले. त्या माणसाच्या सांगण्यावरून.

"छातीचंच दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. "मला तरी शंका वाटत नाही. आता तुम्ही ठरवा. मी जास्त वेळ द्या असं म्हणणार नाही, कारण तो फुगा तुमचा विचार होईपर्यंत थांबेल असं मी सांगू शकत नाही."

"पण एक्स-रे?" नवरा म्हणाला.

"पोटावर शिशाचा जाड एप्रन असेल. किरण छातीवर. बाळापर्यंत पोचतं ते फार थोडं. बाळंतपणाच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय माझं. शून्य धोका म्हणणार नाही. पण काही न करण्याचा धोका याहून कितीतरी मोठा आहे."

"आडवी पडून राहिली तर?" थोरलीने विचारलं, पण कालच्या ठसक्यात नाही.

"त्यांची आत्या पडूनच होती," डॉक्टर म्हणाल्या.

मग सगळे एकदम बोलायला लागले. आई म्हणाली करून टाकू. बाबा म्हणाले दुसऱ्या मोठ्या इस्पितळात दाखवू. थोरली म्हणाली मी कुणालाच काही सांगणार नाही, माझं डोकं चालत नाही. नवरा म्हणाला, बाळ थोडं वाढू दे, आठवा तरी सुरू होऊ दे, नाही का. आणि एवढ्या गलक्यात सासूबाईंनी टाळी वाजवली. एकच. गलका करणाऱ्या वर्गासमोर वाजवावी तशी.

"मूल कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

कुणालाच प्रश्न कळला नाही.

"हिच्या पोटात आहे ना? मग ही बुडाली तर ते कुठल्या पाण्यात पोहणार आहे? काल मी नाही म्हटलं होतं. मला काय ठाऊक होतं काल? आज हे गृहस्थ काय सांगतायत ते ऐकलंत ना? आता मी हो म्हणते. पण माझ्या हो-नाहीला काय किंमत? तिला कुणी विचारलंत का?"

सगळे धाकटीकडे वळले. आत्तापर्यंत याच क्षणाची तिने मनात वाट पाहिली होती. मला विचारा ना कुणीतरी, असं तिला ओरडावंसं वाटत होतं.  आणि आता विचारल्यावर आपण धीट आहोत की भित्र्या, हेच तिला सांगता येईना. तिला एवढंच दिसत होतं, की एक बाई पिठाच्या पोत्यांवर पडून गप्पा मारतेय आणि तिला बरं वाटतंय. अगदी बरं वाटतंय.

"मला आडवं पडून बरं वाटतं," ती म्हणाली, "म्हणून मला भीती वाटते. करा तुम्ही."

*

ते टेबल इतकं अरुंद होतं, की कुशीवर वळलं तर खाली. पोटावर एप्रन ठेवला तेव्हा तिला बाळाची कीव आली, एवढं ओझं! मांडीजवळची जागा बधिर केली होती, पण ती जागीच होती. डॉक्टर पडद्याकडे बघत बोलत होत्या, तिच्याशी आणि दुसऱ्यांशी एकाच आवाजात, त्यामुळे "श्वास धरा" तिला की यंत्रवाल्याला, तेही दरवेळी कळत नव्हतं. ती प्रत्येक वेळी श्वास धरत होती.

"कळतंय का काही?"

"छातीत कुणीतरी चालल्यासारखं वाटतंय."

"मीच चालतेय. आता खोकू नका."

न खोकण्याएवढी कठीण गोष्ट जगात नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. पडद्यावर एक काळं वेडंवाकडं झाड दिसत होतं, त्याला एकच फळ लटकलेलं. मग झाडाच्या त्या फांदीत एक बारीक वेटोळं दिसलं, आणखी एक, आणखी एक. आणि मग फळ दिसेना. ती वाट बघत राहिली. आता काहीतरी मोठं वाटेल, दुखेल, सुटल्यासारखं होईल. काहीच वाटलं नाही.

"झालं?"

"मोठी गुंतवळ बंद झाली. डावीकडे एक लहान आहे, ती एवढी बारीक आहे की आत्ता तिच्या वाटेला जायला नको. बाळंतपणानंतर बघू."

"म्हणजे मी बरी झाले की नाही झाले?"

डॉक्टर पहिल्यांदाच एक वाक्य पुरं करून थांबल्या. "पुष्कळशी झालात," त्या म्हणाल्या.

डोक्याचा फोटो स्वच्छ आला. नवऱ्याला ती बातमी इतकी आवडली, की तो दिसेल त्याला "हिच्या डोक्यात काही नाही" असं सांगत सुटला, आणि आपण काय बोलतोय हे त्याला थोरलीने ध्यानात आणून द्यावं लागलं. त्या दिवसांत सगळे हसले असतील तर तेवढेच एकदा.

पुढचे आठवडे कुणाचं कुणाशी काय चाललंय, हे धाकटीला लावता येत नव्हतं. सासूबाई तिच्या माहेरी येऊन राहिल्या आणि आईशी त्यांची गट्टी जमली. दोघी मिळून बाबांवर खेकसत. थोरली येईनाशी झाली. फोन केला तर म्हणे दुकानात गर्दी आहे. काका एकदा दारापर्यंत आले, पावाची पिशवी आईच्या हातात दिली आणि गेले. बाबांनी तो पाव खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी शिळा झाल्यावर खाल्ला.

*

कळा सुरू झाल्या तेव्हा दुपार होती. पोट कापायचं की नाही यावरही घरात दोन तट होते, पण बाळंतपणाच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोकं स्वच्छ आहे, मोठा फुगा बंद आहे, तेव्हा सरळ होऊ द्या. फक्त सलाइनच्या नळीला एक चपटी गाळणी लावली होती.

"हवेचा बुडबुडा जाता कामा नये," परिचारिकेने सांगितलं. "इतरांच्यात फुफ्फुस अडवून धरतं त्याला. तुमची ती लहान वाट अजून उघडी आहे. थेट डोक्यात जाईल."

त्यानंतर धाकटीने प्रत्येक कळेत त्या नळीकडे पाहिलं. सासूबाई म्हणत, श्वास घे. आई म्हणे, श्वास सोड. ती दोघींचं ऐकायला बघे आणि दोन्ही एकदम करू जाई. मध्येच दार उघडून थोरली आत आली. आज ओठांवर काही लावलेलं नव्हतं. लाल ठिपके स्पष्ट दिसत होते. तिने एप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि धाकटीचा हात धरला.

"तपासणी केली मी," ती म्हणाली. "माझ्याही छातीत आहे. दोन बाळंतपणं झाली तेव्हा होती की नव्हती, कुणाला माहीत. मला काही कळत नाही, धाकटे. मी वाचले की काय झालं?"

"ताई, आत्ता नको," धाकटी ओरडली, "मला कळ येतेय!"

"हो, हो. दे जोर."

मुलगी झाली. रडली ती इतक्या जोरात, की बाहेरच्या वऱ्हांड्यात उभ्या असलेल्या नवऱ्याने आत यायच्या आधीच रडायला सुरुवात केली. धाकटीला वाटलं होतं, आता सगळं स्वच्छ होईल, सकाळी धुकं विरतं तसं. तसं काही झालं नाही. नुसता एक दमट, तांबडा जीव छातीवर आला, आणि तिला कळेना की आपण दमलोय की आनंदलोय.

बाळंतपणाच्या डॉक्टरांनी विचारलं, "नाळेतलं रक्त घेतलंय. तपासायला पाठवू? हिच्यात उतरलंय का ते कळेल. शक्यता निम्मी-निम्मी आहे. आत्ता नको असेल तर पुढेही करता येतं."

"पाठवा," सासूबाई म्हणाल्या.

"आत्ताच कशाला?" आई म्हणाली.

"निम्मी म्हणजे नक्की कशी?" नवरा म्हणाला.

"पाठवा," धाकटी म्हणाली. मग तिलाच शंका आली, की आपण हे ठरवून म्हणालो की नुसतं सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून. पण डॉक्टर तोवर निघून गेल्या होत्या.

संध्याकाळी खोलीत तेवढे बाबाच होते. बाकीचे चहाला गेले होते. ते पाळण्याशेजारी उभे होते, हात पाठीमागे बांधून, जसे गिऱ्हाइकाच्या मौल्यवान चित्राजवळ उभे राहायचे तसे. हात लावायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"घ्या ना तिला," धाकटी म्हणाली.

त्यांनी घेतलं. अंग चोरून, कोपर दोन्हीकडे पसरून. मुलीने डोळे उघडले, तिरके केले आणि पुन्हा मिटले. 

"मी हिला काय देऊन बसलोय, कुणास ठाऊक," ते म्हणाले.

 होय म्हणावं तरी खोटं, नाही म्हणावं तरी खोटं. मुलीचं डोकं त्यांच्या हातावरून हळूहळू मागे कलंडत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "आधी मान धरा तिची. मानेखाली हात घ्या. हां, असा."

बाबांनी हात सरकवला आणि मान धरली.